मध्ययुगीन मठांची शेती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपातल्या जुन्या मठांचा विषय निघाला की वाचक प्रार्थनेबद्दल थोडं विचारतात आणि पोटापाण्याबद्दल फार. खाली त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न घेतले आहेत. भर बाराव्या-तेराव्या शतकातल्या सिस्टर्शियन या ख्रिस्ती मठवासी पंथावर आहे, कारण शेतीचा विचार इतक्या काटेकोरपणे दुसऱ्या कुठल्या पंथाने केला नाही आणि त्याच्या नोंदीही भरपूर उरल्या आहेत.

१. मठाची शेती म्हणजे मठाच्या आवारातली बाग का?

बाग असायचीच, पण ती शेती नव्हे. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलन इथे नवव्या शतकातला एका आदर्श मठाचा आराखडा जपून ठेवलेला आहे. पाच चर्मपत्रं शिवून तो तयार केला आहे. त्यात भाजीचे वाफे, औषधी वनस्पती, कोंबड्या-हंसांची खुराडी, डुकरं, शेळ्या, गाई, घोडे यांचे गोठे असं सगळं दाखवलंय. फळझाडं तर दफनभूमीतच लावलेली आहेत. एवढ्यावर मठाचं स्वयंपाकघर चालेल, पण शंभर-दीडशे माणसांना वर्षभर पुरेल इतकं धान्य निघणार नाही. ते यायचं बाहेरच्या जमिनीतून. सिस्टर्शियनांनी या बाहेरच्या जमिनीचे सलग तुकडे करून प्रत्येकावर घर, कोठार, गोठे आणि राबणारी माणसं ठेवली. अशा शेतवस्तीला ग्रेंज म्हणतात. एकेका मोठ्या मठाची अशी दहा-वीस ग्रेंज असत.

२. जग सोडून गेलेल्यांना एवढ्या जमिनी कशाला हव्या होत्या?

भिक्षा मागून राहणारे पंथ पुढे तेराव्या शतकात आले. त्याआधीच्या मठाला कुणापुढे हात न पसरता जगायचं होतं. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने घालून दिलेल्या नियमात पाणी, गिरणी, बाग आणि कारागिरी शक्यतो मठातच असावी, म्हणजे मठवासीयांना बाहेर भटकावं लागणार नाही, असं सांगितलं आहे. रिकामपण आत्म्याचं शत्रू आहे, म्हणून अंगमेहनतही ठरावीक वेळी करायचीच.

आणि खर्च फक्त खाण्याचा नव्हता. वेदीवरच्या भाकरीला गहू लागे, मिस्साला वाइन लागे, ग्रंथांना चर्मपत्र म्हणजे पर्यायाने मेंढ्या-वासरं लागत, झग्यांना लोकर. त्यात आजारी, पाहुणे आणि दारातले गरीब. दगडी चर्च बांधायचं तर गवंड्यांची मजुरी वेगळी.

३. बेनेडिक्टाइन आणि सिस्टर्शियन दोघेही एकच नियम पाळायचे ना? मग फरक काय?

बेनेडिक्टचा नियम एकच, पण उत्पन्न येण्याची वाट वेगळी. अकराव्या शतकापर्यंत जुने मोठे बेनेडिक्टाइन मठ जमीनदार झाले होते. गावं त्यांच्या मालकीची, त्यात बांधलेली कुळं, कुळांकडून खंड आणि वेठ, चर्चकडून दशमांश म्हणजे पिकाचा दहावा हिस्सा, गिरणीवर दळायला येणाऱ्याकडून मोबदला. मठवासी बराच वेळ प्रार्थनागायनात, जमीन दुसऱ्यांच्या अंगावर.

१०९८ मध्ये मोलेमचा रोबेर काही सोबत्यांना घेऊन फ्रान्समधल्या बर्गंडीतल्या सितो इथे गेला आणि तिथून सिस्टर्शियन पंथ उभा राहिला. त्यांनी हे सगळं उत्पन्न नाकारलं: खंड नको, दशमांश नको, कुळं नकोत, गिरणी-भट्टीचा मोबदला नको. जमीन हवी, पण ती आपण कसायची. १११५ मध्ये पंथातल्याच बर्नार्डने क्लेअरव्हो मठ स्थापला आणि ११५३ मध्ये तो वारला तोवर पंथाचे साडेतीनशेच्या आसपास मठ झाले होते. (हे नियम किती टिकले, ते प्रश्न १३ मध्ये.)

४. पण दिवसातून सात-आठ वेळा चर्चमध्ये जाणारा माणूस नांगर कधी धरणार?

हाच या व्यवस्थेचा कळीचा प्रश्न आहे. धरू शकत नाही, हे सिस्टर्शियनांनाही लवकरच कळलं. मध्यरात्रीनंतर उठून प्रार्थना, मग दिवसभर ठरावीक तासांनी पुन्हा पुन्हा चर्च. शेत तीन कोसांवर असेल तर जाऊन परत येईपर्यंत घंटा वाजायची.

त्यावर त्यांनी मठातच दुसरा वर्ग निर्माण केला. यांना आपण कामकरी बंधू म्हणू. त्यांनीही आज्ञापालनाची, ब्रह्मचर्याची शपथ घेतलेली असे, जेवण-कपडा मठाचाच, मेल्यावर माती मठाचीच. पण ते दाढी राखत, चर्चमध्ये वेगळ्या भागात उभे राहत आणि कधीच गायकवृंदातले मठवासी होऊ शकत नसत. त्यांना पुस्तक हातात घ्यायला बंदी होती. चार-दोन प्रार्थना तोंडपाठ करायच्या, तेवढीच विद्या. घंटेच्या वेळी ते शेतातच उभं राहून त्या म्हणत आणि पुन्हा कामाला लागत.

संख्येचा अंदाज हवा असेल तर इंग्लंडमधल्या यॉर्कशरचा रिव्हो मठ पाहावा. मठाधिपती एल्रेडच्या काळात, म्हणजे ११४७ ते ११६७ दरम्यान, तिथे १४० मठवासी आणि ५०० कामकरी बंधू व इतर सेवक होते, असं त्याच्या चरित्रकाराने लिहून ठेवलंय. ‘स्वतःच्या हातच्या कष्टावर जगणारे’ ही ख्याती १४० जणांना मिळाली. हात बहुतेक त्या ५०० जणांचे होते.

मठवासी अजिबात काम करत नव्हते असं मात्र नाही. सुगीला सगळे शेतावर जात, एरवी बाग, लाकूड, साफसफाई असायची.

५. ग्रेंजवरचा दिवस कसा असायचा? तिथेही मौन होतं का?

होतं. ग्रेंजचा कारभारी हा कामकरी बंधूंपैकीच एक असे. त्याच्यावर मठातला कोठारी. हे पद मोठं, मठाचं सगळं खाणं-पिणं आणि हिशेब त्याच्या हातात. कारभाऱ्याला कामापुरतं बोलायची मुभा होती, बाकीच्यांनी गरजेपुरतंच. वाटसरूने रस्ता विचारला तर सांगायचा. त्याने पुढे गप्पा सुरू केल्या तर ‘बोलायची परवानगी नाही’ म्हणून पुन्हा कामाकडे वळायचं, इतक्या बारकाईने नियम लिहिलेले आहेत.

ग्रेंज मठापासून एका दिवसाच्या चालीपेक्षा लांब नसावं असा दंडक होता, म्हणजे रविवारी आणि सणाला बंधूंना मठात येता यावं. तिथे त्यांचं स्वतंत्र झोपायचं आणि जेवायचं दालन असे. यॉर्कशरमधल्याच फाउंटन्स मठाच्या पश्चिमेची ती इमारत आजही उभी आहे: सुमारे ९० मीटर लांब, खाली कमानींच्या रांगेत कोठार आणि भोजनगृह, वर शेकडो जणांची निजायची जागा. भग्न चर्चपेक्षा ती पाहिली की मठ चालायचा कशावर, हे चटकन समजतं.

६. जेवायचे काय? मांस खायचे नाहीत म्हणे?

चार पायांच्या जनावराचं मांस निरोगी माणसाने खाऊ नये, आजाऱ्याला चालेल, असा बेनेडिक्टचा नियम. रोज एक रत्तल भाकरी, दोन शिजवलेले पदार्थ, मिळालीच तर फळं किंवा कोवळी भाजी, आणि थोडी वाइन. व्यवहारात घेवडे-वाटाणे, कोबी, कांदे, चीज, अंडी, मासे. म्हणून बहुतेक मठांजवळ मत्स्यतळी दिसतात. इंग्लंडात वाइनच्या जागी बीअर. ग्रेंजवर अंगमेहनत जास्त, म्हणून तिथल्या बंधूंना उपासांत सवलत होती.

उत्तर मध्ययुगात हा नियम बराच सैल झाला आणि मांस वेगळ्या दालनात बसून खायचं, अशा पळवाटा निघाल्या. त्यावरून मठवासीयांची थट्टाही भरपूर झाली.

७. पिकवलेलं सगळं मठातच खपायचं का?

नाही, आणि इथेच गोष्ट रंगतदार होते. यॉर्कशरच्या डोंगराळ कुरणांवर गहू फारसा होत नाही, पण मेंढी छान पोसते. फाउंटन्स मठ ११३२ मध्ये यॉर्कच्या मठातून बाहेर पडलेल्या तेरा जणांनी स्केल नदीच्या खोऱ्यात सुरू केला. सुरुवातीला खायची भ्रांत होती. शंभर वर्षांत तो इंग्लंडमधल्या सर्वांत मोठ्या लोकर उत्पादकांपैकी एक झाला. डोंगरातल्या मेंढ्या कातरणीसाठी किल्न्सी इथल्या ग्रेंजवर उतरवल्या जात, तिथून लोकर मठाकडे आणि पुढे इटालियन व्यापाऱ्यांकडे.

फ्लॉरेन्सच्या पेगोलोत्ती या व्यापाऱ्याने चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लिश मठांच्या लोकरीची यादी केली होती. त्यात फाउंटन्सच्या नावावर वर्षाला ७६ पोती आणि रिव्होच्या नावावर ६० पोती आहेत. एक पोतं ३६४ पौंडांचं, म्हणजे सुमारे १६५ किलो. एका पोत्याला दोन-अडीचशे मेंढ्यांची लोकर लागते असं धरलं तर एकट्या फाउंटन्सच्या मालासाठी पंधरा हजारांहून जास्त मेंढ्या हव्यात. इंग्लंडचा राजा रिचर्ड जर्मनीत कैदेत पडला तेव्हा, ११९३ मध्ये, त्याच्या खंडणीसाठी सिस्टर्शियन मठांची एका वर्षाची सगळी लोकर घेतली गेली. पैसा कुठे आहे हे दरबाराला चांगलं ठाऊक होतं.

बर्गंडीत आणि ऱ्हाइनकाठी लोकरीची जागा द्राक्षांनी घेतली. सितोचा क्लो द व्हुजो हा भिंत घातलेला मळा आणि जर्मनीतल्या एबरबाख मठाचा श्टाइनबेर्ग ही नावं वाइनच्या शौकिनांना आजही माहीत आहेत. एबरबाखची वाइन होड्यांतून कोलोनला जाई.

८. एवढा पैसा मिळत होता तर मठ कर्जात का बुडायचे?

कारण लोकर मेंढीच्या अंगावर असतानाच विकलेली असे. व्यापारी पुढच्या कित्येक वर्षांच्या लोकरीचे पैसे आगाऊ देत, मठ ते बांधकामात घालत. मग १२७० च्या दशकात इंग्लंडभर मेंढ्यांत खरजेची साथ आली. पैसे खर्च झालेले, लोकर नाही, कागदावर सही आहे. आपल्याकडे उभ्या उसावर उचल घेणाऱ्याला हे सांगायला नको.

लीड्सजवळच्या कर्कस्टॉल मठाचा हिशेब उरला आहे. १२८४ मध्ये कर्ज ५,२०० पौंडांच्या वर, गोठ्यात कामाचे बैल १६, आणि मेंढी एकही नाही. १३०१ चा हिशेब पाहा: कर्ज १६० पौंड, बैल २१६, गाई १६०, मेंढ्या-कोकरं मिळून ४,०००. सतरा वर्षांत एवढी उलथापालथ एका चांगल्या मठाधिपतीच्या कारभाराने होऊ शकते. आधीचा गाळ कुणाच्या कारभाराने साचला, ते मात्र मठाच्या नोंदी फार मोकळेपणाने सांगत नाहीत.

९. कामकरी बंधूंनी कधी बंड केलं नाही का?

केलं, आणि कारणं ऐकण्यासारखी आहेत. हायडेलबर्गजवळच्या शोनाउ मठात बाराव्या शतकात भांडण झालं ते बुटांवरून. नव्या बुटांच्या वाटपात आपल्याला डावललं म्हणून बंधूंनी मठवासीयांचे बूट कापून टाकायचा बेत केला. पंथाच्या कथांमध्ये ही गोष्ट ‘देवाने बंडखोराला शिक्षा दिली’ अशा बोधाने संपते. बुटांविना चिखलात उभं राहणाऱ्याची बाजू त्यात कुणी मांडलेली नाही.

वेल्समध्ये वाद बीअरचा होता. ग्रेंजवर बीअर बंद केल्यावर बंधू चिडले. तिथल्याच मार्गम मठात १२०६ मध्ये त्यांनी कोठाऱ्याला घोड्यावरून खाली पाडलं, मठाधिपतीचा पाठलाग केला आणि आपल्या निजायच्या दालनात कोंडून घेऊन मठवासीयांचं अन्न अडवलं. धान्याच्या किल्ल्या कुणाकडे आहेत, हे त्या दिवशी गाणाऱ्यांना समजलं असेल.

१०. सिस्टर्शियनांनी ओसाड रानं साफ करून शेती केली, असं शाळेत शिकलो. खरं आहे?

अर्धं. फ्लॅंडर्सच्या किनाऱ्यावरच्या तेन डुइनेन मठाने समुद्रालगतच्या दलदलीत बांध घालून जमीन मिळवली, हे खरंच मोठं काम. जंगलतोडही झाली. पण पुष्कळ ठिकाणी त्यांना मिळालेली जमीन आधीच कसलेली होती. कुणी तुकडे दान दिले, कुणी विकले, कुणाशी अदलाबदल केली, आणि वर्षानुवर्षं चिकाटीने हे तुकडे जोडून एक सलग ग्रेंज तयार केलं. ओसाड जागेची कथा पंथाने स्वतःबद्दल सांगितलेली आहे, म्हणून ती जपून घ्यायची.

कधी मध्ये वस्ती आली तर वस्ती हलायची. रिव्होच्या भोवतालची काही खेडी अशी ग्रेंजमध्ये विरली. बाराव्या शतकातला दरबारी लेखक वॉल्टर मॅप याने टोमणा मारला होता की या लोकांना एकांत हवा असतो, म्हणून ते तो तयार करतात. मॅपचा त्यांच्यावर राग होता हे धरूनही टोमणा बिनबुडाचा नव्हता.

११. शेतीचं तंत्र त्यांनीच शोधलं का?

शोधलं नाही. पाणचक्की, तीन पट्ट्यांची फेरपालट, जड नांगर हे सगळं आधीपासून होतं. त्यांच्याकडे होतं ते सलग क्षेत्र, शिस्तीतली माणसं आणि दरवर्षी सितोला भरणारी मठाधिपतींची सभा. तिथे एका ठिकाणचा अनुभव दुसरीकडे पोचायचा. क्लेअरव्होचं एक जुनं वर्णन आहे. त्यात ओब नदीचं पाणी पाटाने मठात आणून आधी दळणाच्या चक्कीवर, मग बीअरच्या हंड्याकडे, मग कापड कुटणाऱ्या मुसळांवर, मग चामडं कमावायला नेलंय, आणि शेवटी तेच पाणी सगळी घाण वाहून बाहेर काढतं.

१२. दशमांश माफी काय होती? गावकरी त्यावर का चिडायचे?

प्रत्येकाने पिकाचा दहावा हिस्सा स्थानिक चर्चला द्यायचा असे. ११३२ मध्ये पोप दुसरा इनोसंट याने सिस्टर्शियनांना, ते स्वतः कसतात त्या जमिनीपुरतं, हे देणं माफ केलं. म्हणजे एखादं शेत मठाकडे गेलं की गावच्या धर्मगुरूचं तेवढं उत्पन्न बुडालं. जमिनी वाढल्या तशा तक्रारी वाढल्या. शेवटी १२१५ मध्ये रोमला भरलेल्या लॅटरन धर्मपरिषदेने ठरवलं की यापुढे नव्याने घेतलेल्या जमिनीवर त्यांनीही दशमांश द्यावा.

१३. पण अमुक सिस्टर्शियन मठाला गिरणीचं आणि चर्चचं उत्पन्न होतं असं वाचलं. मग नियमाचं काय?

बरोबर वाचलंत. ११४७ मध्ये सावीनी पंथाचे मठ एकगठ्ठा सिस्टर्शियनांत आले, आणि येताना आपली चर्चं, दशमांश, सगळं घेऊन आले. त्यांना ते ठेवू दिलं. इंग्लंडमधले फर्नेस आणि बायलंड हे त्यातले. एकाला सूट मिळाल्यावर बाकीचे किती दिवस दम धरणार? १२०८ मध्ये लांबच्या आणि कमी उपयोगाच्या जमिनी खंडाने द्यायला पंथाच्या सभेने परवानगी दिली आणि १२२० मध्ये ती आणखी सैल केली. त्यामुळे ११२० सालचं वाक्य १२५० सालच्या मठाला लावून चालत नाही.

१४. जोगिणींच्या मठांचं कसं चालायचं? त्या शेतात जायच्या का?

स्त्रियांना बंदिस्त आवारात राहणं सक्तीचं, त्यामुळे शेतीचा कारभार कामकरी बंधू, नोकर आणि एखादा पुरुष कारभारी पाहायचा. बहुतेक मठ गरीबच राहिले. अपवादही होते. पॅरिसजवळचा मोब्युइसाँ मठ फ्रान्सची राणी कास्तीयची ब्लांश हिने १२३६ मध्ये सुरू केला आणि त्याचं भव्य कोठार अजून उभं आहे. स्पेनमधल्या बुर्गोसच्या लास उएल्गास मठाची प्रमुख कित्येक गावांची धनीण होती.

१५. दुष्काळात या कोठारांचा गावाला उपयोग व्हायचा का?

काही वेळा नक्की. ११९७ च्या दुष्काळात ऱ्हाइनकाठच्या हाइस्टरबाख मठात एकाच दिवशी १,५०० जणांना अन्न दिल्याची नोंद तिथल्याच सिझेरियसने केली आहे. मांस चालेल अशा दिवशी रोज एक बैल कापून तीन कढयांत भाजीसोबत शिजवायचे, सुगी येईपर्यंत. नोंद घरच्याच माणसाची आहे, तरी तपशील खरा वाटतो.

१६. हे सगळं संपलं कधी?

ग्रेंजची मूळ पद्धत मठांच्या आधीच संपली. तेराव्या शतकाच्या अखेरीपासून कामकरी बंधू व्हायला माणसं मिळेनात. शहरात मजुरी होती, भिक्षेकरी पंथ होते. १३४८ च्या प्लेगने उरलेसुरले गेले. मग जमीन खंडाने द्यायची आणि पैसे मोजायचे, म्हणजे प्रश्न ३ मध्ये ज्या वाटेला नकार दिला होता तीच. इंग्लंडात आठव्या हेन्रीने मठच बंद केले. फाउंटन्स २६ नोव्हेंबर १५३९ रोजी राजाच्या ताब्यात गेला आणि पुढच्या वर्षी लंडनचा व्यापारी रिचर्ड ग्रेशॅम याने तो विकत घेतला. फ्रान्समध्ये हे काम १७८९ नंतर क्रांतीने केलं.

१७. आपल्याकडे असं काही होतं का?

थोडं, पण फार जुन्या काळी आणि वेगळ्या धर्तीवर. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या ३ क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीचा लेख आहे. पूर्वी उषवदाताकडे (क्षत्रप नहपानाचा जावई) असलेलं २०० निवर्तनं (जमीन मोजायचं जुनं माप) शेत त्याने भिक्षूंना दिलं. त्या शेतात राजाच्या माणसांनी शिरायचं नाही, मिठासाठी खणायचं नाही, अशा सवलतीही दिल्या. सहा वर्षांनी त्याच लेण्यात दुसरा लेख: ते शेत कुणी कसत नाही, गाव उठून गेलंय, म्हणून त्याऐवजी नगराच्या शिवेवरची १०० निवर्तनं राजशेती द्यावी. बौद्ध भिक्षूला विनयाप्रमाणे, म्हणजे संघाच्या नियमांप्रमाणे, जमीन खणायलाच मनाई, त्यामुळे कसणारा सोडून गेला की दान कागदावरच राहतं. सिस्टर्शियनांनी कामकरी बंधू ठेवून नेमकी हीच अडचण सोडवली होती (प्रश्न ४). दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे वेगळं सांगायला नको.

१८. युरोपला जाणार आहे. चर्चचे अवशेष सोडून शेतीचं काय बघू?

इंग्लंडात ऑक्सफर्डपासून फार लांब नसलेलं ग्रेट कॉक्सवेलचं कोठार. ब्युली मठाच्या ग्रेंजचं, तेराव्या शतकाच्या अखेरचं, ४६ मीटर लांब, आतले लाकडी खांब बहुतेक मूळचेच. फाउंटन्सला गेलात तर पाणचक्की चुकवू नका, लोक भग्न मनोऱ्याचे फोटो काढून तशीच परततात. फ्रान्समध्ये पॅरिसच्या उत्तरेला शालिस मठाचं व्होलराँ कोठार ७२ मीटर लांब आहे. बर्गंडीत क्लो द व्हुजो: मठवासीयांनी एकसंध राखलेल्या त्या ५० हेक्टरांवर आज सुमारे ८० मालक आहेत, आणि प्रत्येकाची वाइन वेगळ्या भावाने विकली जाते.